यंत्राचं सुतक

धुरपदाबाईचं नाक वाशी तालुक्यात एक नंबरचं, आणि तोंड त्याच्याही वरचं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाई उद्याच्या एसटीनं तुमच्या दारात येऊन उभी राहील, चहा घेतल्याशिवाय हलणार नाही आणि जाताना तुमच्याच सुनेबद्दल चार गोष्टी तुम्हाला नव्यानं सांगून जाईल. म्हशींचं गाव, खव्याच्या भट्ट्यांचं गाव, एवढं पुरे.

तिचं माहेर ढोकीचं. बाप साखर कारखान्यात कामाला, त्यामुळं मळीच्या वासात वाढलेली पोर. सातवीपर्यंत शिकली आणि रामहरीच्या घरात आली. रामहरी म्हणजे शिंक आली तरी आधी बायकोकडं बघणारा माणूस. सासऱ्यानं ओसरीवर दूध गोळा करायचं काम सुरू केलं होतं, ते सासऱ्यामागं नावाला रामहरीकडं आणि खरं बघता धुरपदाबाईकडं आलं. सकाळ-संध्याकाळ माणसं कॅन घेऊन रांगेत उभी राहायची. बाई कॅनचं झाकण उघडून नाक आत घालायची आणि म्हणायची, म्हशीनं काल उसाचं वाढं खाल्लंय. ते बरोबर निघायचं. मग कॅनवाल्याकडं एकदा वर बघून म्हणायची, आणि घरात दोघं बोलत न्हाय वाटतं. तेही बरोबर निघायचं. आता ह्यात नाकाचा भाग किती आणि शेजारणीच्या भिंतीला लावलेल्या कानाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ओसरीवर तिनं एखादी गंमत केली की ती दूध पोचायच्या आधी भट्टीवर पोचायची, एवढं मात्र खरं.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर शहरातल्या पेढेवाल्यांनी गावचा खवा परत पाठवला. दुधात युरिया आहे, म्हणाले. युरिया म्हणजे आपण रानात टाकतो तेच खत. पाणी घातलेल्या दुधात थोडं सोडलं की ते डेरीच्या मोजणीत दाट दिसतं, आणि नाकाला त्याचा काही पत्ता लागत नाही. ह्या शेवटच्या गोष्टीनं धुरपदाबाईचा जेवढा अपमान झाला तेवढा उभ्या जन्मात झाला नव्हता. भट्टीचा मालक महारुद्रआप्पा. त्याचा खवा परत आलेला, त्यामुळं तो तर कावराबावराच झाला. त्यानं ओळखीपाळखीतून शिवांजलीला गाठलं.

शिवांजली कळंबची. पुण्याला एका संस्थेत संशोधन करणारी, चष्मेवाली, अंगानं काडी. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी एक यंत्र बनवलं होतं आणि ते प्रयोगशाळेच्या बाहेर, खऱ्या गावात, खऱ्या माणसांच्या हातात कसं चालतं हे तिला बघायचं होतं. यंत्र म्हणजे काय, तर काडेपेटीएवढा डबा. त्यात बसायची बोटभर लांबीची एक पारदर्शक पट्टी. पट्टीत केसाहून बारीक पाट काढलेले, उसाच्या रानात असतात तसे वळणावळणाचे. दुधाचा एक थेंब त्या पाटांतून आपोआप पुढं सरकायचा. वाटेत त्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, भेटायचं. हे विकर अख्ख्या दुधात फक्त युरियाला धरायचं आणि त्याचा अमोनिया करायचं. पाटाच्या तळाला मोहरीच्या दाण्याहून लहान सेन्सर बसवलेले. अमोनियानं थेंबाचा आंबटपणा बदलला की सेन्सरातली वीज कमीजास्त व्हायची आणि मोबाइलवर रंग उमटायचा. हिरवा म्हणजे दूध निर्मळ, लाल म्हणजे युरिया जास्त.

सगळं ऐकून घेऊन धुरपदाबाई म्हणाली, म्हणजे विरजणासारखंच की. विरजण दुधाचं दही करतं, हे युरियाचं अमोनिया करतं.

शिवांजलीला ते इतकं आवडलं की तिनं ते लिहून घेतलं. फक्त दह्याला रात्र लागते मावशी, आणि हे चहा गाळेपर्यंत होतं, असं ती म्हणाली. यंत्र धुरपदाबाईकडंच राहील हेही तिनं तिथंच ठरवून टाकलं. महारुद्रआप्पाच्या मनात ते आपल्या भावजयीकडं द्यायचं होतं. भावजय मॅट्रिक पास, आणि यंत्र हुकल्यापासून ती धुरपदाबाईच्या ओसरीकडं बघताना मान जरा तिरपी करूनच बघायची.

यंत्राला देवळीशेजारच्या फळीवर जागा मिळाली. सोबत औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढे छोटे कप आले होते. एकेका दुधासाठी एकेक कप घ्यायचा, त्यात दूध ओतायचं, त्यातला थेंब यंत्रानं ओढायचा, कप टाकून द्यायचा. कप पाकिटातच ठेवा, असं शिवांजली सांगून गेली होती. पण पाकिटात ठेवलेली वस्तू धुरपदाबाईला बघवत नाही. तिनं ते सगळे कप एका परातीत, दिवाळीच्या पणत्या मांडाव्यात तसे ओळीनं मांडले, तोंड वर करून.

मोसम चांगला चालला. खवा परत यायचा थांबला. आणि मग एका संध्याकाळी हरणाबाईच्या दुधाला यंत्रानं लाल दाखवलं.

हरणाबाई म्हणजे धुरपदाबाईची जुनी मैत्रीण. दोघी एकाच लगीनसराईत गावात आलेल्या, एकाच आडावर पाणी शेंदलेल्या. हरणाबाईचं घर मेंढपाळाचं. नवरा मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ रानोमाळ, आणि घरी ती आणि तिच्या म्हशी. एक लेक, समृद्धी, गेल्या साली कळंबला दिलेली, धान्याची अडत असलेल्या घरात. मेंढपाळाची पोर अडतीवाल्याच्या घरात पडली म्हणून गावात किती जणांचं जेवण गोड लागलं नाही, त्याची मोजदाद नाही. हरणाबाई बोलायला कमी. दुधात पाण्याचा थेंब घालणार नाही, आणि कुणी घातला म्हटलं तर ऐकून घेणार नाही, अशी.

धुरपदाबाईनं लाल बघितलं आणि शेजारचा कप घेऊन पुन्हा तपासलं. पुन्हा लाल.

इथं तिला थांबता आलं असतं. हरणे, जरा आत ये, एवढंच म्हणता आलं असतं. पण मागं रांग होती, रांगेत हसायला निमित्तच शोधणारा गुरुसिद्धप्पा होता, आणि गुरुसिद्धप्पा रांगेत असला की धुरपदाबाईच्या जिभेला आवरणं तिच्याही हातात राहत नाही. ती म्हणाली, "हरणे, पेंड महाग झाली म्हणून म्हशीपुढं खताचं पोतंच सोडलंस व्हय?"

रांग हसली. गुरुसिद्धप्पा तर भिंतीला धरून हसला.

हरणाबाई हसली नाही. ती म्हणाली, तुझं दूध घाल त्यात. धुरपदाबाईनं परातीच्या दुसऱ्या टोकाचा कप उचलला, आपल्या म्हशीचं दूध घातलं. हिरवं. आता रांगेत कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. हरणाबाईनं कॅन उचलला. माणसांनी तिला वाट दिली, ती नेहमीपेक्षा जरा जास्तच रुंद दिली.

बोललेले शब्द उचलून पळायला पाय लागत नाहीत, मोबाइल पुरतो. रात्रीत ते खताचं पोतं कळंबला पोचलं. हरणाबाई लेकीच्या घरी तूप पाठवायची. समृद्धीच्या सासूनं, म्हाळसाबाईनं, सकाळी तुपाचा डबा उचलून अंगणात ठेवला आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाली की खतावरचं तूप आमच्या घरात चालत नाही. समृद्धीनं आईला फोन केला, तुपाचं सांगितलं आणि रडली.

मग हरणाबाई महारुद्रआप्पाच्या भट्टीवर गेली आणि म्हणाली, संध्याकाळी खंडोबाच्या देवळात मी भंडारा उचलते.

भंडारा उचलणं म्हणजे खेळ नव्हे. देवापुढच्या ताटातली हळद मुठीत घ्यायची आणि शपथ सांगायची. त्यानंतर त्या गोष्टीवर गावात कुणी चकार शब्द काढत नाही. पण त्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सगळ्यांना ठाऊक असते. उचलणारा खरा असला, तर ज्यानं त्याच्यावर खोटं घातलं त्याच्या घराला देव विचारल्याशिवाय राहत नाही. महारुद्रआप्पा बराय म्हणाला. गावाला सांगावा गेला. आप्पाची भावजय त्या दिवशी दुपारपासूनच चांगलं लुगडं नेसून बसली होती, असं सांगणारे सांगतात.

धुरपदाबाईला दुपारचं जेवण गेलं नाही. रामहरीनं भाकरी मोडता मोडता विचारलं, काय झालं, तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं उरलेली भाकरी न चावताच गिळली. तिच्या डोळ्यांपुढं हरणाबाईचं तोंड होतं. चोरी करताना पकडलेल्या माणसाचं तोंड धुरपदाबाईनं आयुष्यात पुष्कळ बघितलं होतं. चोर आधी रांगेकडं बघतो, मग आपल्या कॅनकडं. हरणाबाई तिच्याकडं बघत होती.

ती उठली, यंत्र काढलं. हरणाबाईसाठी कप घेतले होते त्या ओळीतला पुढचा कप उचलला आणि त्यात हंड्यातलं प्यायचं पाणी घातलं. नुसतं पाणी. थेंब पाटात शिरला. मोबाइलवर ते गोल चक्र फिरायला लागलं आणि बाई पदराचं टोक तोंडात धरून बघत बसली.

लाल.

पाण्याला लाल. तिनं दुसरा कप घेतला, त्याच ओळीतला. लाल. परातीच्या पलीकडच्या टोकाचा घेतला. हिरवा. मग तिनं शिवांजलीला फोन लावला आणि कशाला, कुणासाठी, काही न सांगता एवढंच विचारलं की पाण्यात युरिया असतो का. शिवांजलीनं जरा विचार केला. पाण्यात नाही मावशी, कपात काहीतरी गेलं असेल, ती म्हणाली. युरिया नुसता खतात नसतो. घामात असतो, माणसाच्या, जनावराच्या लघवीत तर भरपूर असतो. कॅनभर दुधात एखादा शिंतोडा पडला तर यंत्राला कळणारही नाही, पण आपला सगळा कारभारच एका थेंबाचा. एवढ्याशा कपात वाळलेला शिंतोडासुद्धा लाल दाखवायला पुष्कळ झाला. कप तसेच ठेवा, मी उद्या येतेच आहे.

धुरपदाबाई बरं बरं म्हणाली. फोन ठेवला. त्या ओळीतला एक कप उचलला आणि त्याला नाक लावलं. वास ओळखीचा होता, आपल्याच गोठ्यातला.

झालं होतं असं. तिचा चुलत दीर वारला होता. भावकीतलं, म्हणजे घराला सुतक. सुतकात देवपूजा बंद ठेवता येते, दूध बंद ठेवता येत नाही. म्हैस काही सुतक पाळत नाही. म्हणून त्या सुतकाच्या दिवसांत धुरपदाबाई दूध घेत होती, यंत्राला हात लावत होती, आणि मनातून चरकत होती. पुण्याहून आलेली वस्तू, देवळीशेजारी ठेवलेली, तिला आपल्या हातानं सुतक लागतंय, हे काही तिच्या पोटात पचेना. सुतक फिटलं त्या दिवशी तिनं घर धुतलं, अंथरुणं धुतली, आणि दुर्वांची जुडी गोमूत्रात बुडवून घरभर शिंपडत सुटली. फळीपाशी आल्यावर हात जरा सैलच सोडला. यंत्रावर झाकण होतं. परातीवर नव्हतं. दाराकडच्या ओळीतले कप तोंड वर करून वाट बघत बसलेलेच होते. आणि त्याच संध्याकाळी रांगेत पहिली कोण आली, तर हरणाबाई; मागच्यांना कप गेले ते पलीकडच्या टोकाचे.

रामहरीला तिनं सांगितलं. त्याच्याशिवाय सांगणार कुणाला. रामहरीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि संसारात पहिल्यांदाच त्यानं न विचारता सल्ला दिला. कप चुलीत घाल, तो म्हणाला. ती पोरगी आली तर उंदरानं परात पाडली म्हणू. सांजच्याला तू देवळात येऊच नको. उद्या नव्या पाकिटातला कप घे, हरणाबाईचं दूध हिरवं येतंय, लोक म्हणतील घाबरली आणि सुधारली. मिटलं.

"आणि तिनं भंडारा उचलल्यावर?"

"तिचं ती उचलंल."

"अवो, ती खरी हाय. देव कुणाच्या घराला इचारंल?"

रामहरीनं घराचा विचार केला. घर म्हणजे ती आणि तो. त्याचा हात नकळत आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर गेला. तरी तो म्हणाला की बोललीस तर यंत्र आप्पाच्या घरी जाणार. आणि यंत्रच का, ओसरीवर पुन्हा कुणी कॅन घेऊन येणार नाही. आणि लोक हसतील. हे त्यानं शेवटी सांगितलं, पण त्याला ठाऊक होतं की बायकोला सगळ्यात जास्त तेच टोचणार. गावातल्या प्रत्येकावर ती हसली होती. त्यातला प्रत्येक जण हप्ता वसूल करायला टपून बसलेला होता.

ती चुलीपाशी गेली. परात हातात होती. निखारा चांगला होता, आणि प्लास्टिक जळायला वेळ किती लागतो. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. रामहरी दारातून बघत होता आणि त्याला वाटत होतं, आता टाकते, आता टाकते. मग बाहेर रस्त्यावर चार बायकांचं बोलणं ऐकू आलं, देवळाकडं चाललेल्या. त्यांतली एक म्हणाली की समृद्धीला म्हणे सासूनं सकाळपासून स्वयंपाकघरात येऊ दिलेलं नाही. धुरपदाबाईनं परात पदराखाली घेतली, यंत्र घेतलं आणि पायात चप्पल न घालताच निघाली.

देवळापुढं सगळं गाव. एरवी कीर्तनाला एवढी माणसं मिळत नाहीत. हरणाबाई ओल्या केसांनी आली होती, शपथ घ्यायची तर अंघोळ करून यावं लागतं. तिचा नवरा मेंढरांमागं लांब होता. फोनवर नुसतं, उचल, एवढंच म्हणाला होता. पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट पुढं धरलं. महारुद्रआप्पानं विचारलं, काय सांगायचंय ते नीट सांग. हरणाबाईनं पदर खोचला आणि हात पुढं केला.

धुरपदाबाई गर्दीच्या मागच्या बाजूला अडकली होती. तिला वाट द्यायला कुणी हलेना, उलट आप्पाच्या भावजयीनं कोपर जरा जास्तच रोवलं. हरणाबाईची बोटं हळदीला लागायला आली होती. धुरपदाबाईच्या तोंडाला कोरड पडली होती, ज्या तोंडाला आजवर कशाचीच कोरड पडली नव्हती. आणि मग ती मागूनच बोलली, मोठ्यानं नाही, पण तिचा आवाज गावाला एवढा सवयीचा होता की सगळ्या माना वळल्या.

"हरणे, थांब. हात लावू नको. युरिया तुझ्या दुधात न्हाय, माझ्या घरात हाय."

आता लोकांनी वाट दिली. ती पुढं आली, परात देवळाच्या पायरीवर ठेवली. पुजाऱ्याच्या तांब्यातलं पाणी घेतलं, दाराकडच्या ओळीतल्या कपात घातलं आणि यंत्र लावून मोबाइल महारुद्रआप्पाच्या हातात दिला. सगळे वाकून बघत होते. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मागं कुणी खोकलं तर लोकांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. लाल उमटला. खंडोबापुढचं पाणी, आणि लाल.

मग तिनं सांगितलं. सुतक, दुर्वा, सैल सोडलेला हात, सगळं. सांगताना खाली बघितलं नाही. हरणाबाईकडं बघत होती, जशी आदल्या दिवशी हरणाबाई तिच्याकडं बघत होती.  मग गुरुसिद्धप्पाला जे व्हायचं तेच झालं. त्यानं देवळाचा खांब धरला आणि पोट धरून हसायला लागला, आणि मग अख्खं देऊळ हसलं, पुजाऱ्याच्या हातातलं ताटसुद्धा हललं. धुरपदाबाई त्या हसण्यात उभी राहिली. पळाली नाही, उलट उत्तर दिलं नाही. ती देवाला भिऊन बोलली की हरणाबाईसाठी, ह्यावर गावात अजून दोन पक्ष आहेत, आणि ती स्वतः कुठल्या पक्षात आहे हे कुणी विचारलेलं नाही.

हरणाबाई मात्र ह्याही वेळी हसली नाही. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "हितं बोललीस ते ऐकलं. पण ते खताचं पोतं हितं न्हाय ऱ्हायलं. ते जिथवर गेलंय तिथवर तू जायचं. तुझ्या पायानं."

महारुद्रआप्पा म्हणाला, अगं फोन लावू की, आत्ता लावू. हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शिवांजली आली. तिनं परात बघितली, कप मोजून पिशवीत घातले, आणि रागावेल असं वाटलं होतं तर ती कपाळाला हात लावून बसली आणि म्हणाली की प्रयोगशाळेत सगळं सुचलं होतं मावशी, हे नाही सुचलं. ह्यापुढं कप बंद डबीतच येतील, एकेक सुटा. यंत्र कुणाकडं ठेवायचं ते तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. आप्पाची भावजय दोनदा ओसरीवरून गेली. धुरपदाबाईनं विचारलंही नाही. तिनं शिवांजलीकडून यंत्र एका दिवसापुरतं मागून घेतलं, चांगले आणि वाईट दोन्ही कप घेतले आणि कळंबची एसटी धरली.

वाटभर ती बोलली नाही. शेजारी बसलेल्या बाईनं विषय काढला, कुणाची तरी सून माहेरी निघून गेल्याचा, अगदी रसाळ विषय, तरी ती बोलली नाही. ज्यांनी तिला ओळखलं त्यांना वाटलं, हिची तब्येत बरी नाही.

म्हाळसाबाईचं घर अडतीच्या मागं. ओटीवर ज्वारीची पोती, आत स्वच्छ फरशी. म्हाळसाबाईनं बसा म्हटलं, पण पाणी विचारलं नाही. समृद्धी आतल्या दाराआड उभी होती, फक्त बांगड्या दिसत होत्या. धुरपदाबाईनं सगळं मांडलं. जरा पाणी द्या, म्हणाली. म्हाळसाबाईला वाटलं प्यायला मागते, आणि हिला पाणी द्यावं की नाही ह्या विचारात ती पडली. मग समृद्धीनंच तांब्या आणून ठेवला.

आधी वाईट कपात पाणी. लाल. मग चांगल्या कपात त्याच तांब्यातलं पाणी. हिरवं. मग धुरपदाबाईनं अंगणातला तो तुपाचा डबा शोधला. तो तुळशीमागं तसाच पडलेला होता, झाकणावर मुंग्या. पण तुपात हे यंत्र चालत नाही, ते दुधाचं आहे, हे तिला सांगावं लागलं आणि सांगताना तिचा आवाज जरा कमी झाला. म्हाळसाबाई बारकाईनं सगळं ऐकत होती. अडतीवाल्याची बायको, माप दोनदा बघितल्याशिवाय पटत नाही. ती म्हणाली, पुन्हा दाखवा.

पुन्हा दाखवलं. लाल, हिरवं.

"एवढ्यासाठी तुम्ही वाशीकडनं इथवर आला? फोन केला असता तरी चाललं असतं."

"फोनवर माझ्यावर कोण इस्वास ठेवतंय, बाई," धुरपदाबाई म्हणाली. "माझ्या तोंडून चांगलं निघालं तर लोक म्हणतात, ह्यात काहीतरी काळंबेरं हाय."

म्हाळसाबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला. ती उठली, तुळशीपाशी गेली, डब्यावरच्या मुंग्या फुंकरल्या, पदरानं झाकण पुसलं आणि डबा समृद्धीच्या हातात देत म्हणाली, आत ठेव, आणि पाहुण्यांना जेवायला वाढ, डाळीवर हेच तूप घाल.

धुरपदाबाई पाटावर बसली. समृद्धीनं तूप वाढलं, भरपूर वाढलं, डाळीच्या कडेनं पिवळं तळं झालं. एरवी धुरपदाबाईनं ताट नाकाशी नेलं असतं आणि म्हैस कुठं चरली ते सांगितलं असतं. म्हाळसाबाई समोर बसून तेवढ्याचीच वाट बघत होती. बाईनं भात कालवला, मान खाली घातली आणि काही न बोलता जेवली.